सुमनला घातलेली आन

सुमे,

तू असतीस तर म्हणाली असतीस, "काय वं नले, रडून राह्यली का लिहून राह्यली? एक कायतरी धड कर." मला दोन्ही धड जमत नाही. नागपूरला परत आले, पुस्तक उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि शेवटी हे लिहायला बसले.

तेरवीच्या पत्रिकेत तुझ्याबद्दल छापायचं ते छापून झालं आहे. माहेर बीबी, सासर देऊळघाट, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ म्हणे. माझ्याशी तू जितकी भांडलीस तितकं सख्ख्या सवतीही भांडत नसतील, आणि आपलं सगळ्यात मोठं भांडण तर अजून मिटायचंच आहे. ते मिटवायला समोर तू नाहीस, म्हणून एकटीच दोन्ही बाजू मांडणार आहे. तुझी बाजू मी नीट मांडीन याचा भरवसा मात्र धरू नकोस. तुझी बाजू ऐकून घेण्याची मला कधी सवयच नव्हती.

खामगावचं मामाचं घर आठवतं ना? आपण दोघी मावसबहिणी. इंटर सायन्सला गावात कॉलेज नाही म्हणून माझ्या घरच्यांनी मला पिंपळगाव राजाहून आणि तुझ्या घरच्यांनी तुला बीबीहून त्या घरात आणून टाकलं. मामा जिनिंगमध्ये कापूस मोजायला, मामी दिवसभर आपल्यावर डोळा ठेवायला. पोरी मेडिकलला जाणार हे ऐकून गल्लीतल्या बायका मामीला विचारायच्या की मंग यायचं लगन कोण करते. मामी म्हणायची, मुडदे पाहून पाहून पोरी घाबरल्या की आपोआप करतील. माझ्या वडिलांचं तसं काही नव्हतं, ते मास्तर. पण तुझ्या वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "एक डाव. लागला तं डाक्टर, नाई तं पाहुणे येऊनच राह्यले." त्या माणसानं दिलेला शब्द कधी फिरवला नाही, आणि तीच अडचण होती. मला दुसरा डाव होता. तुला नव्हता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सुमे. पुढचं सगळं मी हे माहीत असताना केलं.

नागपूरच्या ज्या मेडिकल कॉलेजात आपल्याला जायचं होतं, त्यानं प्रवेश स्वतःच्या परीक्षेवर ठेवला होता. आपल्या प्राध्यापकांनी कुठूनतरी जुन्या पेपराची सायक्लोस्टाइल केलेली प्रत आणून दिली. ती पाहून आपण दोघी चक्रावलो. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली, त्यातल्या एकावर खूण करायची आणि पुढे जायचं. खालची सूचना त्याहून भयंकर, की चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातील. आपण शाळेत काय शिकलो होतो? काही येत नसलं तर आकृती काढावी, आकृतीही येत नसली तर प्रश्न सुवाच्य अक्षरात उतरवून खाली रेघ मारावी, पण कोरं सोडू नये. शाई दिसली की परीक्षकाला पाझर फुटतो म्हणत. इथे शाई दिसली की दंड होता. तू म्हणालीस, हे परीक्षा घेऊन राह्यले का पोलिस ठाणं चालवून राह्यले.

सावडीची कल्पना तुझी. आपल्याकडे जसं तू माझ्या वावरात राब, मी तुझ्या वावरात राबते असं ठरवून निंदण-खुरपण करतात, तसा अभ्यास करायचा. बायॉलॉजी तुझं वावर, फिजिक्स-केमिस्ट्री माझं. आपापलं वावर आधी तयार करायचं आणि मग दुसरीला त्यात घेऊन जायचं. तू माझ्याकडून एकक पाहायला शिकलीस. गणित सोडवण्याआधी उत्तर कोणत्या मापात यायला हवं ते बघ, वेग विचारला असेल आणि पर्यायात नुसतं अंतर असेल तर तो तिथेच खोड, हे मी तुझ्या डोक्यात अक्षरशः कोंबलं. शिकवताना मी ओरडायचे. तू माझ्यावर कधी ओरडली नाहीस. हृदयाचे कप्पे मला काही केल्या लक्षात राहीनात तेव्हा तू मला मामाच्या गोठ्यात नेलंस आणि फाटक दाखवलंस. आतून ढकललं तर उघडत नाही, बाहेरून ढकललं की गाय आत. झडप अशीच असते, म्हणालीस, गेलेलं रक्त माघारी येऊ देत नाही. आता मी खरी हृदयं हातात धरली आहेत. फाटक तेच दिसतं.

पेपर कसा सोडवायचा हे कोणी शिकवणारं नव्हतं, ते तू शोधून काढलंस. कापूस वेचून मोठी झालेली पोरगी तू. तू म्हणालीस, पऱ्हाटीत कोणी एका झाडापाशी ठाण मांडून बसते का? पहिल्या वेच्याला जे बोंड पुरतं फुललेलं तेवढं काढायचं आणि पुढे चालायचं. अर्धवट उमललेलं दुसऱ्या वेच्याला. पेपरही तसाच वेचायचा. पहिल्या वेच्यात वाचताक्षणी येणारे प्रश्न, दुसऱ्या वेच्यात हिशेब करावा लागणारे. एका फिजिक्सच्या गणितापाशी मी अडून बसले की तू माझ्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचीस. प्रश्न इंग्रजीत असायचा, तर तो आपल्या बोलीत स्वतःला विचारायचा, "काय देलं, काय मांगतलं?" दिलेलं एका बाजूला, मागितलेलं दुसऱ्या बाजूला, मधला पाल्हाळ सोडून द्यायचा. आणि ज्या पर्यायात 'नेहमी' किंवा 'कधीच नाही' असे शब्द असतील त्याच्याकडे आधी संशयानं पाहायचं. "जो माणूस नेहमी-नेहमी म्हणते, त्याच्यावर भरोसा नाई ठेवाव," असं तू म्हणालीस तेव्हा मला तुझे वडील आठवले.

इथवर आपलं एकमत होतं. भांडण तिसऱ्या वेच्यावरून. चारातले दोन पर्याय खोडून झाले, उरलेल्या दोनांपैकी कोणता ते नक्की कळत नाही, असे प्रश्न. तुझं म्हणणं, त्यावरही खूण करायची. शेवटच्या वेच्याला डागी कापूस निघतो, त्याला कवडी म्हणतात, तरी ती कोणी झाडावर सोडत नाही. कवडीलाही भाव असतो. माझं म्हणणं, नक्की माहीत नसेल तर सोड. मास्तराची पोर मी. अंदाजानं बोलणं हा आमच्या घरात चोरीइतका गुन्हा होता. उन्हाळाभर आपण यावर भांडलो. मामी कंटाळून म्हणाली की या पोरी डॉक्टर होवोत न होवोत, वकील मात्र होतील.

मग तो सरावाचा पेपर. जिनिंगचा एक भोंगा झाला की सुरू करायचं आणि दुसरा झाला की पेन्सिल खाली, असं मामानं ठरवून दिलं होतं. तू तिसऱ्या वेच्यात धडाधड खुणा केल्यास आणि त्यातल्या बऱ्याच चुकल्या. माझे गुण तुझ्याहून वर गेले. मला कोण आनंद झाला. तुझ्याहून जास्त मिळाले म्हणून नाही, माझं खरं ठरलं म्हणून. तू तुरी निवडत बसली होतीस, सूप हलवत म्हणालीस की एका पेपरावरून काय ठरते, आज नाई लागलं, उद्या लागन. माझं डोकं फिरलं. मी तुझं सूप खाली ठेवलं, तुझा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "माही आन हाय तुले. दोनात अडकली तं सोडून देशील."

तुझा चेहरा उतरला. आतून मामी ओरडली, "आन नाई घालू वं पोरींनो." मी हसले. मला वाटलं, भांडण जिंकलं. आन म्हणजे माझ्या लेखी तेवढंच होतं, भांडण जिंकायची युक्ती. लहानपणी कैऱ्यांवरून, झोक्यावरून आपण किती शपथा घातल्या आणि संध्याकाळच्या आत 'सुटली' म्हणून सोडवून घेतल्या. ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं, दुसऱ्या कोणी म्हणून चालत नाही. मोडली तर ज्याच्या डोक्याची आन, तो मरतो. कैऱ्या खाऊन कोणी मेलं नव्हतं, सुमे. पण तू मोडलीही कधी नव्हतीस. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

तू म्हणालीस, मग तूही माझी आन घे. मी म्हटलं, मला काय गरज, मी तशीही सोडणारच आहे. आणि मी घेतली नाही.

परीक्षेला मामानं नेलं. नागपुरात एवढी पोरं पाहून तुझे हात गार पडले होते. पोरी थोड्याच, त्याही साऱ्या शहरातल्या, आपल्या वेण्यांकडे पाहणाऱ्या. फाटकापाशी आपले नंबर वेगवेगळ्या खोल्यांत लागल्याचं कळलं. मी माझी खोली शोधत निघाले तर तू माझा पदर धरलास. "नले," तू म्हणालीस, "सुटली म्हण."

मला कळलं होतं तू काय मागते आहेस. कळलं नव्हतं असं मी कोणालाही सांगू शकेन, तुला नाही. एक शब्द म्हणायचा होता. पण आजूबाजूला ती शहरी पोरं उभी होती, त्यांच्यासमोर हे आणाभाकांचं गावठी प्रकरण मला नको होतं. आणि दुसरं म्हणजे, मला खरंच वाटत होतं की माझा नियम बरोबर आहे आणि तो तुझ्या भल्याचा आहे. मी म्हटलं, ऐन वेळी नाटकं करू नको. पदर सोडवून घेतला आणि गेले.

पुढचं तुला मी त्याच दिवशी सांगितलं होतं, तरी पुन्हा सांगते. पहिला वेचा झाला, दुसरा झाला. मग तिसरे उरले आणि माझ्याच वावरातल्या, फिजिक्सच्या प्रश्नांपाशी मी दोनात अडकले. एकानंतर एक. पान कोरं दिसायला लागलं आणि मला भीती वाटली. वडिलांचा चेहरा दिसला, खामगावच्या बायका दिसल्या. उन्हाळाभर तुला सुनावलेला सगळा नियम त्या एका भीतीपुढे वाहून गेला आणि मी खुणा करत सुटले. करताना तुझी आठवणही आली नाही. मला कोणाची आन नव्हती.

परतीच्या गाडीत तू खिडकीपाशी बसलीस. मामा डुलक्या घेत होता. मी एकेक प्रश्न काढून तुला विचारत होते आणि तू सांगत होतीस की हा सोडला, हाही सोडला. का सोडला, विचारलं की दोनात अडकली होती म्हणायचीस. त्यातला कोणता वाटत होता? तू सांगायचीस, आणि तो बरोबर असायचा. जवळजवळ दर वेळी. सराव पेपरातली तू आणि ही तू यांच्यामध्ये बऱ्याच दिवसांचा अभ्यास होता, तुझे अंदाज आता अंदाज राहिलेच नव्हते. मी ते मोजलं नव्हतं. वर्धा गेलं तेव्हा माझ्यानं राहवलं नाही आणि मी सांगितलं की मी मात्र लावले. सगळे लावले.

बडनेऱ्याला चहावाला आला, तू दोन कप घेतलेस, एक मला दिलास आणि म्हणालीस, "बरं झालं मी तुले आन नाई घातली."

हे वाक्य तू रागानं बोलली असतीस तर मी त्यातून केव्हाच सुटले असते. तू हसून बोललीस. मग मी काय केलं? मी तुझ्यावर चिडले. चोराच्या उलट्या बोंबा. बेडकाचं हृदय डोळे मिटून काढणारी तू, तुला रक्त कसं फिरतं ते माहीत, माणूस कशानं मरतो ते माहीत, आणि तुझ्या एका खुणेनं मी मरेन असं तुला वाटलंच कसं? सायन्स शिकलीस की गवत उपटलंस? असं बरंच बोलले. मामा जागा झाला. तू कप खाली ठेवून एवढंच म्हणालीस, "पेपर सायन्सचा होता, नले. आन तुह्या डोक्याची होती."

यादीत माझं नाव आलं. तुझं थोडक्यात राहिलं. तुझ्या वडिलांनी शब्द पाळला आणि त्याच साली देऊळघाटचे पाहुणे आले. मी माझ्या वडिलांना घेऊन त्यांच्याकडे आले, एक डाव आणखी द्या म्हणायला. ते म्हणाले, मास्तर, तुमच्या पोरीनं केलं, माह्या पोरीच्यानं नाई झालं, तिची कुवतच तेवढी. तू दाराआड उभी राहून ऐकत होतीस. मी बोलू शकले असते. तू नंतर मला म्हणालीस की आनीचं कोणाला सांगू नको, लोक तुलाच नावं ठेवतील. आणि मी ऐकलं. एरवी तुझं एक ऐकत नसे, हे बरं ऐकलं.

हळदीच्या दिवशी तुझ्या गालाला हळद लावताना मी कानात म्हणाले, "सुटली." तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, आता सोडून काय करू, पेपर तं देऊन झाला. बायकांना वाटलं आपण काही चावट बोलतो आहोत. साऱ्या हसल्या, तूही हसलीस.

भाऊजी चांगले निघाले, घरही खातंपितं. तुला तिथे कोणी छळलं नाही, हे लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं. तू रमलीस असंच सारे म्हणतात. पण मी सुट्टीत आले की तू आधी माझी पिशवी उघडायचीस आणि पुस्तक काढून चुलीपाशी घेऊन बसायचीस, ते मी पाहिलं आहे. मला प्रश्न विचारायचीस. हे औषध इथेच काऊन जाते, तिकडे काऊन नाई? काही वेळा मला उत्तर यायचं नाही. तुझ्या सासूला माझी ओळख करून देताना म्हणायचीस, ही माझ्या वावरात राबलेली डाक्टर. साऱ्यांना गंमत वाटायची. मला तिथून पळून जावंसं वाटायचं, आणि खोटं काय बोलू, मी जायचेही. चार दिवसांसाठी आलेली दुसऱ्या दिवशी एसटी पकडायचे. पुढे पुढे सुट्टी लागली तरी देऊळघाटला जायचं टाळायला लागले. तू माझी वाट पाहायचीस हे भाऊजी सांगायचे.

आपलं भांडण तुझ्याकडून केव्हाच संपलं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं की तू लेकीच्या, छबूच्या खोकल्याचा विषय काढायचीस. एकदा मात्र नेटानं बोललीस. म्हणालीस, तुझा नियम चुकला नव्हता, आपल्याला ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावं हे बरोबरच आहे, डॉक्टरनं तर म्हणावंच. फक्त दुसऱ्याच्या पेपरावर आपण बसू नये. मी तेव्हा वाद घातला. काय वाद घातला ते आता आठवतही नाही.

मग भाऊजींची तार आली. बुलढाण्याच्या दवाखान्यात तुला पाहिलं. पिवळं म्हणजे किती पिवळं असतं माणूस. तू मला पाहून म्हणालीस, हळद अजून उतरलीच नाही बघ. दिवसा झोपायचीस, रात्री जागी. हात पुढे करायला सांगितले तर तळवे फडफडत होते. काविळीच्या या खुणांखाली पुस्तकात काय लिहिलेलं असतं ते मला पाठ होतं. आणि अशा खुणा असलेली एक बाई आमच्या वॉर्डातून चालत घरी गेलेलीही मी पाहिली होती. तिथले मोठे डॉक्टर, भला माणूस, त्यांना विचारलं तर म्हणाले, पाहू. त्यांना माहीत नव्हतं आणि ते तसं म्हणाले.

सकाळी तुझं डोकं स्वच्छ होतं. भाऊजी चहा आणायला गेले होते. तू मला जवळ बसवलंस. छबूला आधी एकदा आणलं होतं, ती तुझे डोळे पाहून किंचाळली होती, म्हणून तिला देऊळघाटला आजीपाशी ठेवली होती. तू म्हणालीस, "नले, मी वाचीन का नाई, खरं सांग. पोरीचं ठरवाचं हाय. वाचणार असंल तं नोको आणू, बरी होऊन भेटीन. नाई तं आण. भेली तं भेली. मले एक डाव पाहू दे."

काय दिलं आणि काय मागितलं हे इतकं सरळ सांगणारा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नाही.

आणि मी म्हणाले, "वाचशील. नको आणू. उगाच लेकराला कशाला भेवाडतेस."

डॉक्टरांच्या आवाजात म्हणाले. तो आवाज आम्हाला वॉर्डात आपोआप येतो. का म्हणाले, हे तेरवीपासून स्वतःला विचारते आहे. तुला धीर द्यायला, असं पहिलं उत्तर येतं, आणि ते मी खोडते. दुसरं उत्तर असं की मला तो प्रश्न सहन होत नव्हता. कोरं पान समोर दिसलं आणि मी पुन्हा घाबरून खूण केली, सुमे. या वेळी पेपर तुझा होता.

तू लगेच मानलंस. "हाव," म्हणालीस, "तू म्हणती तं ठीक हाय." तुझ्या तोंडावरचा ताण गेलेला मला दिसला. मग म्हणालीस, तिला सांगजो, आई ऐतवारी घरी येते.

मी दुपारच्या एसटीनं देऊळघाटला गेले. छबू अंगणात खेळत होती. मी तिला सांगितलं, आई रविवारी येणार. ती टाळ्या वाजवत आजीला सांगायला पळाली. मी चहा घेतला आणि परत आले. येताना तिला कडेवर घेऊन येता आलं असतं. एसटीत जागा होती. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तू कोणाला ओळखत नव्हतीस, आणि त्यानंतर तू जागी झाली नाहीस.

तुझं मी काय काय देणं लागते याची यादी करायला बसले तर ती कुठे संपायची नाही. माझ्या डोक्यात जे बायॉलॉजी आहे ते तुझं आहे. आजही परीक्षेत मी वेचे करूनच पेपर सोडवते, इथल्या पोरांना ती माझी युक्ती वाटते, आणि मी त्यांना बीबीच्या एका पोरीचं नाव सांगते. एवढं तरी आता करते. घरीही सांगितलं. तेरवीच्या आदल्या दिवशी बीबीला जाऊन तुझ्या वडिलांपाशी बसले आणि गाडीतलं, फाटकापाशी घडलेलं सारं सांगितलं, की तुमच्या पोरीची कुवत माझ्याहून कमी नव्हती. ते ऐकून घेऊन उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, पण मला बरं वाटण्याशी त्यांचं काय देणंघेणं.

तेरवीच्या दिवशी देऊळघाटला पंगती उठल्या, माणसं पांगली. मी ओसरीवर पिशवी भरत होते. छबू आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. ती रडत नव्हती. घरातल्या सगळ्यांनी तिला काय काय सांगितलं होतं, देवाघरी, ताऱ्यात, ते तिनं सारं ऐकून घेतलं होतं आणि आता ती ज्या माणसाला विचारायचं त्याच माणसाकडे आली होती. तुझ्यासारखीच मान वाकडी करून म्हणाली, "मावशी, तू तं म्हणली होती, ऐतवारी येते."

मी तिच्यासमोर खाली बसले. "मले माईत नव्हतं, बाई," मी म्हणाले.

हे तुला म्हणायचं होतं, सुमे. त्या सकाळी, तुझ्या खाटेपाशी, पोरीला आणायला वेळ होता तेव्हा.